मनश्शेचं पाऊल

गल्लीतल्या निम्म्या पायांचे जोडे शिवणारा बूटमास्तर स्वतः मात्र बाजारातले तयार कापडी बूट घालायचा, आणि तेही एक नंबर मोठे. चालताना ते फटक फटक वाजत. समोरच्या घड्याळजीला थट्टेसाठी तेवढा विषय आयुष्यभर पुरला. "माझ्या दुकानातलं प्रत्येक घड्याळ बरोबर वेळ दाखवतं," तो आपल्या दारातून ओरडायचा, "आणि तुझे पाय बघ! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मास्तर मोकळा माणूस आहे," असं म्हणून बूटमास्तर तोंडातले खिळे सांभाळत पुन्हा हातोडी चालवायला लागायचा. सत्तरी उलटली तरी या प्रश्नाला त्याने दुसरं उत्तर दिलं नाही. खरं उत्तर द्यायचं तर त्याला आपल्या नावापासून सुरुवात करावी लागली असती, आणि नावाचा विषय निघाला की तो मूग गिळून बसायचा.

नाव होतं मनश्शे. आता हे नाव वापरतं कोण? दुकानाच्या पाटीवर नुसतं बुटाचं चित्र. गिऱ्हाइकं 'मास्तर' म्हणणार, बायको होती तोवर 'अहो' म्हणायची, मुलगी 'बाबा' म्हणते, आणि घड्याळजी तर शाळेपासूनचा सोबती, तो चारचौघांत 'अर्ध्या' अशी हाक मारून मोकळा होतो. म्हणजे अख्खं नाव घ्यायला उरला तो फक्त सरकारी खिडकीमागचा कारकून. तोही वाचताना अडखळतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि विचारतो, "हे नाव आहे की आडनाव?"

नाव फार जुनं, धर्मग्रंथातल्या बारा वंशांपैकी एका वंशाचं. लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या वर्गाला एक बाई होत्या, जाड भिंगांच्या आणि बारीक आवाजाच्या. त्यांनी फळ्यावर खडूने एक वाकडीतिकडी नदी काढली आणि सगळे वंश कुठे कुठे राहिले ते सांगितलं. मनश्शेच्या वंशातल्या अर्ध्या लोकांना नदीच्या अलीकडची कुरणं आवडली, ते तिथेच राहिले. उरलेले अर्धे नदी उतरून पलीकडे गेले. म्हणून ग्रंथात जागोजागी 'मनश्शेचा अर्धा वंश' असं येतं. झालं. वर्ग सुटायच्या आत पोरांनी त्याचा 'अर्ध्या' करून टाकला, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा पोरगा पुढे घड्याळजी झाला.

पण त्याच दिवशी बाईंनी नावाचा अर्थही सांगितला होता. ज्याला भावांनीच विकलं तो मुलगा परमुलखात जाऊन मोठा अधिकारी झाला, त्याला पहिला मुलगा झाला, तेव्हा तो म्हणाला, माझे सगळे कष्ट आणि माझ्या बापाचं घर देवाने मला विसरायला लावलं. आणि मुलाचं नाव ठेवलं मनश्शे. विसरायला लावणारा.

आठ वर्षांच्या पोराला केवढा आनंद! इतर पोरांच्या नावांना कसले कसले अर्थ, कुणी फूल, कुणी तारा. आपल्या नावाला तर चक्क काम आहे! तो धावत घरी आला. मागच्या अंगणात आई कपडे वाळत घालत होती. त्याने धापा टाकत सांगितलं, "आई, माझं नाव म्हणजे विसरायला लावणारा!"

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. हातातला ओला सदरा तिने झटकला, दोरीवर टाकला, परत काढला, परत झटकला. "कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"बाईंनी. खरं आहे का?"

"हो," आई म्हणाली. "आम्ही म्हणूनच ठेवलं." आणि तो सदरा तिने तिसऱ्यांदा झटकला.

काय विसरायचं होतं ते घरात कुणी कधी सांगितलं नाही, आणि ते त्याला माहीत नव्हतं असंही नाही. लहान मुलांना घरातलं सगळं माहीत असतं, फक्त ते कसं माहीत झालं ते आठवत नाही. त्याच्या आधी एक मुलगा होता. सहा वर्षांचा होऊन तापाने गेला. त्यानंतर दीड वर्षाने हा जन्मला. आई कामाच्या घाईत हाक मारायची तेव्हा आधी दुसरंच एक नाव तिच्या तोंडातून निघायचं, मग ती थांबायची, मग याचं नाव. चार मुलं असलेल्या घरांत आया चारही नावं घेऊन मग बरोबर नावावर येतात, त्यावर घरभर हसू होतं. या घरात मात्र तेवढ्यापुरती हातोडी थांबायची.

हातोडी बापाची. तेव्हाचं दुकान हेच, खिडकीखालचं बुटकं स्टूल हेच, चामड्याचा आणि सरसाचा वासही हाच. बाप ओठांत आठ-दहा खिळे धरून त्यांच्या फटींतून गाणं गुणगुणायचा आणि एकही खिळा पडू द्यायचा नाही. बूटमास्तरला अजून वाटतं की जगात त्याच्याइतकं सुंदर गाणं कुणी गायलं नाही, आणि शब्द मात्र आजवर कळले नाहीत. भिंतीवर छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाकडी साचे, जोडीजोडीने. जोडा ज्याच्यावर चढवून शिवतात तो साचा. पण या घराण्यात त्याला कुणी साचा म्हणत नसे, 'पाऊल' म्हणत. प्रत्येक कायमच्या गिऱ्हाइकाची पावलं कोरलेली असत आणि तळव्यावर पेन्सिलीने नाव आणि तारीख. कागदावर उभं करून पायाभोवती पेन्सिल फिरवायची, आणि त्या आकृतीवरून लाकूड कोरायचं. घरच्या मुलांचा तर नियमच होता. मूल चालायला लागलं की त्याची पहिली पावलं, शाळेत जायला लागलं की दुसरी. पुढे पाय वाढेल तसे त्याच लाकडावर चामड्याचे तुकडे ठोकून ती वाढवत न्यायची.

आणि इथेच ते झालं, जे दुसऱ्या कुठल्या घरात होऊ शकलं नसतं. बापाने धाकट्यासाठी ना पहिली पावलं कोरली, ना तो शाळेत जायला लागला तेव्हा दुसरी. वरच्या फळीवर थोरल्याची होती, ती काढली आणि खिडकीकडे पाठ करून त्यावरच धाकट्याचे जोडे शिवले.

थोरल्याचा पाय लांबट, निमुळता. धाकट्याचा रुंद, बदकासारखा. करंगळी रोज चिरडायची. पुढच्या वर्षी बापाने पुढून एक तुकडा ठोकला, त्याच्या पुढच्या वर्षी बाजूने, पण मुळात आकार दुसऱ्याचा तो दुसऱ्याचाच. संध्याकाळी मोजे काढताना पोराच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तो बोलला का नाही? नाही बोलला. एकदा, नऊ वर्षांचा असताना, त्याने ते पाऊल फळीवरून काढून उलटं केलं होतं, आणि तळव्यावरचं नाव वाचलं होतं. त्याचं नव्हतं. "जोडे चावतात" असं म्हटलं असतं तर बापाला ते पाऊल उचलून बघावं लागलं असतं, नाव वाचावं लागलं असतं. आणि याचं काम तर विसरायला लावायचं होतं! त्यामुळे आई फळीसमोर नुसतीच उभी दिसली की हा शीर्षासन करायचा. बाप गुणगुणायचा थांबला की हा शेजारच्या तोतऱ्या न्हाव्याची नक्कल करायचा. पाय दुखत असतानाही घरभर उड्या मारायचा. आई हसायची, खरंच हसायची, आणि त्याला वाटायचं आजचं काम झालं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पहिल्यापासून.

मोठा झाल्यावर, आईबाप गेल्यावर, त्याने मनाशी एक हिशोब ठरवून टाकला की बाप चिक्कू होता. चांगलं वाळलेलं लाकूड वाया कशाला घालवा, असा विचार केला असेल त्याने. हा समज सोयीचा होता. त्याने तो पन्नास वर्षं वापरला. स्वतःसाठी मात्र कधी जोडा शिवला नाही. पाय कुठल्याही आकारात घालायची त्याला धास्तीच बसली होती. कापडी बूट, एक नंबर मोठे, फटक फटक.

आता मुलीकडे येऊ. एकुलती एक. याच दुकानात चामड्याच्या कातरणांत खेळत वाढली, सात वर्षांची असताना पायाची आकृती काढायला शिकली, आणि पेन्सिल इतकी काटेकोर धरायची की गिऱ्हाइकं मुद्दाम तिच्याकडून काढून घेत. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली, लग्न झालं, मुलगी झाली. नात चालायला लागली त्या आठवड्यात आजोबाचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवून तिची पावलं कोरली, तळहातात मावतील एवढी. लाल चामड्याचे जोडे शिवले. नात ते झोपतानाही काढू देत नसे.

अडीच वर्षांची होऊन ती गेली. मेंदूला सूज आली, चार दिवसांत सगळं संपलं. मुलीने घरातला तिचा प्रत्येक कपडा, प्रत्येक खेळणं एका दुपारी देऊन टाकलं. आणि बजावलं, "माझ्यासमोर तिचं नाव काढायचं नाही." जावई बिचारा साधा माणूस, त्याने मान डोलावली. बापानेही डोलावली. फक्त ती लहान पावलं तेवढी त्याने वरच्या फळीवर, मागच्या बाजूला सरकवून ठेवली.

साडेतीन वर्षांनी मुलगा झाला. तीन आठवड्यांचं पोर, टाळूवर चार केस, आणि पाय तर थेट आजोबासारखे बदकाचे. मुलीने सांगून टाकलं, "बाबा, नाव तुमचंच ठेवणार आहे. शुक्रवारी नोंदणीचा फॉर्म द्यायचाय, सही करायला दुकानात घेऊन येते."

"माझं नाव?" बूटमास्तर म्हणाला. "अगं, कारकूनसुद्धा नीट वाचू शकत नाही."

"आम्हाला आवडतं," जावई म्हणाला. "वजनदार आहे."

त्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आठवडाभर तो मनातल्या मनात उत्तर जुळवत राहिला. नकार द्यायचा तर कारण द्यावं लागणार. आणि कारण दिलं तर जिचं नाव काढायचं नाही तिचंच नाव निघणार.

शुक्रवारी दुपारी हाताला काम हवं म्हणून त्याने नातवाचे जोडे करायला घेतले. पोर चालायला अजून वर्ष होतं, पण हात स्वस्थ बसू देईनात. निळं मऊ चामडं बेतलं, रापीने कापलं, फळीवरून पाऊल काढलं, चामडं त्यावर ताणून बसवलं, कडेने बारीक खिळे मारले. चामडं छान बसत होतं. ओठांत खिळे होते आणि त्यांच्या फटींतून तो चक्क गुणगुणत होता. तळवा लावायला म्हणून त्याने ते उलटं केलं.

तळव्यावर त्याच्याच अक्षरात नातीचं नाव होतं. तारीखही.

ओठांतले खिळे एकेक करून त्याच्या मांडीवर पडले. लाकूड वाचवायचं म्हणून त्याने ते पाऊल काढलं नव्हतं, कोपऱ्यात ढीगभर लाकूड पडलं होतं. त्याने ठरवून काही केलंच नव्हतं. हात फळीपर्यंत गेला होता, पुढच्या रांगा ओलांडून मागे गेला होता, आणि जे त्याला पुन्हा एकदा मांडीवर घ्यायचं होतं तेच घेऊन आला होता. लहान मुलाचा पाय हातात धरावा तसं ते त्याने तासभर धरून ठेवलं होतं आणि तासभर तो सुखात होता.

"बाबा," तो रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाला. वर्षातून एकदा बूट थोरल्याच्या पावलावर चढवताना बाप खिडकीकडे पाठ करून का बसायचा, ते त्याला आज कळलं. पन्नास वर्षं त्याने त्या माणसाला चिक्कू ठरवलं होतं! त्याला इतकं वाईट वाटलं की चष्मा काढून ठेवावा लागला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. मुलगी आली होती. एका हातावर झोपलेलं बाळ, दुसऱ्या हातात फॉर्म. "पाच वाजता ऑफिस बंद होतं, बाबा. नावाची जागा भरलीय, तुम्ही फक्त खाली सही करा."

त्याने निळं चामडं चढवलेलं पाऊल फडक्याखाली सरकवलं आणि फॉर्म हातात घेतला. तिच्या काटेकोर अक्षरात लिहिलेलं होतं, मनश्शे.

"अर्थ माहीत आहे का तुला?" त्याने विचारलं.

"आहे." तिने बाळाचं पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. "म्हणूनच तर ठेवतेय. मला विसरायचंय, बाबा. याने मला विसरायला लावावं."

बूटमास्तरने फॉर्म मांडीवर ठेवला. "मी एकाहत्तर वर्षं तेच काम केलं," तो म्हणाला. "मला नाही जमलं."

तो उठला, स्टुलावर चढला, आणि सगळ्यांत वरच्या फळीवरून, धुळीतून, एक पाऊल काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. लाकूड थोडं आणि चामड्याचे थर जास्त, ओबडधोबड, गळवं आल्यासारखं. "हे माझ्या भावाचं. शाळेत असेपर्यंत माझे सगळे जोडे यावर शिवले बाबांनी. ही बाजू बघ, इथे माझी करंगळी चिरडायची. मी कधी बोललो नाही. मला वाटायचं, मी बोललो तर त्यांना आठवेल." त्याने पावलावरची धूळ पुसली. "त्यांना रोजच आठवत होतं गं. माझं नाव घेतलं की आठवायचं. ज्याला खरंच विसर पडलाय तो पोराचं नाव असं ठेवेल का? त्या ग्रंथातला बापसुद्धा काही विसरला नव्हता. भाऊ समोर आले तेव्हा बाजूच्या खोलीत जाऊन रडला तो."

मुलीने ते पाऊल उलटं केलं आणि तळव्यावरचं पुसट नाव वाचलं. काका होता तिचा. सहा वर्षांचा काका.

"आणि हे आज मी केलं," बूटमास्तर म्हणाला, आणि त्याने फडकं उचललं.

निळं चामडं, बारीक खिळे. तिने तेही उलटं केलं. बूटमास्तरला वाटलं, आता ही उठून जाणार, आणि परत या दुकानाची पायरी चढणार नाही. मग तिने तळव्यावर लिहिलेलं नाव वाचलं, मोठ्याने. एकदा वाचलं, आणि मग हाक मारल्यासारखं पुन्हा एकदा म्हटलं. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं, आणि त्याच्यासोबत तीही, पोटभर, लहानपणी याच कातरणांत बसून रडायची तशी. समोरून घड्याळजी दारापर्यंत आला, काचेतून आत बघितलं, आणि आयुष्यात एकदा तरी काही न बोलता परत गेला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लाल जोडे कुठे गेले असतील हो?"

"कुणाच्या तरी पायात असतील. चांगले शिवले होते मी."

"झोपतानाही काढू द्यायची नाही."

"एकदा तर माझ्या डोक्याला लागला होता तिचा बूट. रात्री कुशीत घेतली होती, तर झोपेत लाथ घातली!"

ती रडता रडता हसली. फॉर्म उचलून तिने नावाच्या जागेवर आडवी रेघ मारली. "आज नुसती जन्माची नोंद करते. नाव नंतर देता येतं. ह्याचं असं, ह्याला शोभेल असं काहीतरी शोधू."

"आणि पावलं त्याची नवी कोरायची," बूटमास्तर म्हणाला. निळ्या चामड्याचे खिळे त्याने एकेक करून उपटले, आणि नातीची पावलं पुसून पुढच्या रांगेत, सगळ्यांना दिसतील अशी ठेवली. शेजारी भावाची ठेवली.

मुलगी फळीकडे बघत होती. "बाबा, तुमची कुठायत?"

"काय?"

"तुमची पावलं. गल्लीतल्या सगळ्यांची आहेत. आईची आहेत, माझी आहेत. तुमची कुठली?"

त्याने फळ्यांवरून नजर फिरवली, जणू शोधतोच आहे. जणू ती तिथे असू शकली असती. "माझी नाहीत," तो म्हणाला.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. मग बाळ त्याच्या हातात दिलं, टेबलाखालचा तपकिरी कागद काढून जमिनीवर अंथरला आणि लहानपणी कानामागे खोचायची तीच बुटकी पेन्सिल उचलली. "बूट काढा."

"अगं, ऑफिस बंद होईल."

"सोमवारी परत उघडतं. मोजेही काढा."

त्याने कापडी बूट काढले. करंगळी अजून आत वळलेली होती, बोटाखाली दडून बसलेली. तो कागदावर उभा राहिला, हातात नातू. मुलगी गुडघ्यांवर बसली आणि पेन्सिल फिरवायला लागली, टाचेपासून, अगदी कडेकडेने. करंगळीपाशी ती थांबली, थोडी बाहेरून गेली, तिला ऐसपैस जागा ठेवली. गुदगुल्या होत होत्या, पण तो हलला नाही.

दोन्ही पाय झाल्यावर तिने तारीख घातली आणि वर बघितलं. "नाव काय घालू? 'बाबा' की 'मास्तर'?"

नातवाने त्याचं बोट घट्ट धरलं होतं. खाली कागदावर दोन रुंद, बदकासारखी पावलं होती.

"माझं घाल," तो म्हणाला. "मनश्शे."